लॅपटॉपवर विंडोज एक्सपी टाकताना निळा पडदा, ०एक्स००००००७बी. डिस्क सापडतच नाही

छापखाना_लालबाग

नमस्कार मंडळी. मी लालबागला छोटा छापखाना चालवते. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं आणि गणपतीच्या आधी स्मरणिका. आधी बाबा बघायचे, सहा वर्षं झाली मी बघते.

आमचा जुना डेस्कटॉप आषाढात गेला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. डिस्क मात्र चांगली आहे, डेटा सगळा उतरवून घेतलाय. अडचण वेगळीच आहे. बाबांनी लावलेलं सगळं काम पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये आहे, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलशिवाय (परवान्याच्या चावीशिवाय) उघडत नाही आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, एक्सपीच्या पुढे चालत नाही. फाइल नव्या मशिनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांचा नुसता खच.

एरवी मी हे पावसाळ्यानंतर बघितलं असतं. पण इथल्या एका मंडळाचं यंदा ७५वं वर्ष आहे. त्यांच्या ५०व्या वर्षाची स्मरणिका बाबांनी लावली होती. त्यात पहिल्यापासूनच्या कार्यकर्त्यांची यादी आहे, बरेचसे गिरणी कामगार, कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, चाळ आणि खोली नंबरासकट. ती यादी नव्या स्मरणिकेत जशीच्या तशी हवी आहे. छापील प्रत एकच उरलीय आणि तिची मधली पानं वाळवीने खाल्लीत. फाइल माझ्याकडे आहे. उघडायला एक्सपी नाही.

भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला. कोअर २ ड्युओ पी८४००, ३ जीबी रॅम, विंडोज ७ नीट चालतंय. एक्सपीची सीडी आमची स्वतःची, बिलासकट, सर्व्हिस पॅक २ असलेला पूर्ण पॅक. सीडीवरून बूट होतं, खालच्या पट्टीत फाइलींची नावं धावतात, शेवटी ‘सेटअप इज स्टार्टिंग विंडोज’ येतं आणि निळा पडदा. दर वेळी तोच आकडा, ०एक्स००००००७बी. रॅम काढून घातली, दुसरी सीडी करून बघितली. स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवलं तर डिस्क गेलीय, नवी घ्या म्हणाले. डिस्क गेली असेल तर विंडोज ७ चालतंय कसं? व्हर्च्युअल मशीनही करून बघितलं, डोंगल एकदा सापडतो, चारदा सापडत नाही.

---

७_४२ची_बदलापूर

ताई, डिस्क अजिबात बदलू नका, ती ठणठणीत आहे.

एक्सपी आलं २००१ साली. तुमच्या लॅपटॉपची साटा डिस्क ज्या पद्धतीने बोलते त्या एएचसीआयचं १.० मानक आलं २००४ मध्ये. म्हणजे एक्सपी आलं तेव्हा ते नव्हतंच, आणि तुमच्या सर्व्हिस पॅक २ च्या सीडीतही त्याचा ड्रायव्हर नाही. सुरुवातीच्या फाइली बायॉसच्या (मशीन चालू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) मदतीने वाचल्या जातात, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. ज्या क्षणी सेटअपचा स्वतःचा कर्नल (गाभा) ताबा घेतो त्या क्षणी त्याला डिस्कशी थेट बोलावं लागतं. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर तो ७बी देऊन थांबतो. विंडोज ७ मध्ये हा ड्रायव्हर आधीपासून आहे, म्हणून ते चालतं.

बायॉसमध्ये जा. साटा मोड, साटा ऑपरेशन किंवा कंट्रोलर मोड असं काहीतरी असेल. तिथे एएचसीआय काढून आयडीई किंवा कॉम्पॅटिबिलिटी करा. डिस्क जुन्या पद्धतीने बोलेल आणि एक्सपी मुकाट्याने बसेल. काम झालं की कळवा.

---

छापखाना_लालबाग

दादा, लगेच बघितलं. बायॉसमध्ये चारच पानं आहेत. वेळ-तारीख, पासवर्ड, बूटचा क्रम आणि बाहेर पडा. साटाचं नावसुद्धा नाही. प्रत्येक ओळीवर जाऊन एंटर मारून पाहिलं.

---

लॅमिंग्टनकर

घरगुती लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा तो पर्याय लपवलेला असतो. बायॉस बदलण्याच्या फंदात पडू नका ताई, त्यात मशीन कायमचं झोपू शकतं. मी बारा वर्षं लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्त केलेत, हा ७बी आठवड्यातून तीनदा तरी यायचा. बायॉस वळत नसेल तर सीडी वळवायची.

आधी कंट्रोलरचा नंबर काढा. अंदाजाने ड्रायव्हर उतरवला की माणूस दोन दिवस फिरत राहतो. विंडोज ७ मध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई एटीए-एटापी कंट्रोलर्स, त्यातल्या एएचसीआयवाल्याचे प्रॉपर्टीज, डिटेल्स, खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज. व्हेन ८०८६ म्हणजे इंटेल. त्यापुढचा डेव्हचा चार अक्षरी नंबर इथे लिहा.

आणि आणखी एक. एक्सपी त्या विंडोज ७ च्या डिस्कवर टाकू नका. एक्सपी स्वतःचा बूटलोडर लिहितं, मग ७ उघडत नाही. एखादी जुनी अडीच इंची साटा डिस्क मिळवा, मागचं झाकण काढून अदलाबदल करा. काही बिघडलं तर मूळ डिस्क परत लावली की मशीन होतं तसं.

---

छापखाना_लालबाग

काका, डेव्ह २९२९.

डिस्क आजच आणली, जुनी १६० जीबीची. तिथल्याच एका मुलाने यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हही दिला. तो म्हणाला, सेटअप सुरू होताना एफ६ दाबा आणि फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्या. ती एफ६ची ओळ पडद्याच्या तळाशी जेमतेम चार-पाच सेकंद असते, दोनदा हुकली. तिसऱ्यांदा सापडली, एस दाबलं, फ्लॉपी घर्रर्र वाजली, कंट्रोलरची यादीसुद्धा आली. मला वाटलं झालं. निळा पडदा आला नाही, १६० जीबीची डिस्क दिसली, फॉरमॅट झाली. आणि फाइली कॉपी व्हायच्या वेळी म्हणतं ए ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. फ्लॉपी आतच आहे! एंटर मारलं की पुन्हा तेच. रात्री साडेबारापर्यंत तेच करत बसले.

---

लॅमिंग्टनकर

ड्राइव्ह खराब नाही. एक्सपीच्या सेटअपकडे मोजक्याच यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हची ओळख लिहिलेली आहे. बाकीच्यांचं असंच होतं, सुरुवातीला बायॉसच्या जिवावर वाचली जाते आणि कॉपीच्या वेळी सेटअपला ती ओळखू येत नाही. पण या फेरीतून एक पक्कं कळलं. ड्रायव्हर दिल्यावर डिस्क दिसली, म्हणजे रोगाचं निदान बरोबर आहे.

२९२९ म्हणजे इंटेल आयसीएच९एम, एएचसीआय. त्याला इंटेल मॅट्रिक्स स्टोरेज मॅनेजरचा ८.९ चालतो. त्यातली एफ६ फ्लॉपीची झिप घ्या, पण ३२ बिटवाली. तुमचं एक्सपी ३२ बिट आहे. आत आयएस्टोर डॉट सिस, आयएएएचसीआय डॉट इन्फ आणि टेक्स्टसेटअप डॉट ओईएम या फाइली असल्या पाहिजेत. आता फ्लॉपी विसरा, ड्रायव्हर सीडीतच घालू.

एक्सपीची अख्खी सीडी एका फोल्डरमध्ये कॉपी करा. एनलाइट नावाचा, सेटअपच्या सीडीत बदल करणारा प्रोग्राम उघडून तो फोल्डर दाखवा. पुढे ड्रायव्हर्स आणि बूटेबल आयएसओ ही दोनच बटणं निवडा. बाकी घटक काढायचे, कमी करायचे, त्याला हात लावू नका. तयार इमेज कोऱ्या सीडीवर सगळ्यात कमी वेगाने लिहा.

---

छापखाना_लालबाग

काका, केलं. सगळं तुम्ही सांगितलं तसं. पुन्हा ७बी. आकडा तोच. मंडळाचे लोक परवा पानं बघायला येणार आहेत.

---

लॅमिंग्टनकर

ताई, ड्रायव्हर घालताना एनलाइटने एक छोटी खिडकी दाखवली असेल. वर मोड विचारतो, पीएनपी की टेक्स्टमोड. काय निवडलं होतं?

---

छापखाना_लालबाग

पीएनपी. त्यावर आधीच खूण होती, म्हणून तीच ठेवली.

---

लॅमिंग्टनकर

तिथेच अडलंय. एक्सपीचं सेटअप दोन टप्प्यांत चालतं. पहिला निळ्या पडद्यावरचा, नुसत्या अक्षरांचा. दुसरा माउस चालायला लागल्यानंतरचा. पीएनपी म्हणून घातलेला ड्रायव्हर दुसऱ्या टप्प्यात लागतो आणि तुम्ही पहिल्याच उंबऱ्यावर अडकलाय. साउंड, लॅन, व्हिडिओ यांना पीएनपी ठीक. डिस्कच्या ड्रायव्हरला टेक्स्टमोडच हवं.

मूळ सीडीवरून फोल्डर नव्याने कॉपी करा, आधीच्या फोल्डरवर पुन्हा काम करू नका. टेक्स्टमोड निवडलं की खाली कंट्रोलरची यादी येईल, त्यात आयसीएच९एम-ई/एम साटा एएचसीआय यावर खूण करा. नाव नीट वाचा, शेजारीच रेडवाला (अनेक डिस्क एकत्र चालवणारा) असतो, तो नको.

---

गच्चीवरचा_अँटेना

नवीनच डिस्क घ्यायची तर एसएसडी घ्या ना, लॅपटॉप उडेल.

---

७_४२ची_बदलापूर

चालते, पण पार्टिशन आधी विंडोज ७ मधून करून घ्यायचं. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करतं, ते एसएसडीच्या आणि नव्या ४के (४ केबी सेक्टरच्या) डिस्कच्या खणांत नीट बसत नाही. विंडोज ७ बरोबर १ एमबीवर सुरू करतं. शिवाय एक्सपीला ट्रिम, म्हणजे एसएसडीला रिकामी जागा कळवणं, येत नाही. ताईंचं काम आठवड्यातून दोन तासांचं, त्यांना १६० जीबीची डिस्क भरपूर झाली.

---

छापखाना_लालबाग

झालं! काका, दादा, झालं!

परवा रात्री नवीन सीडी लिहिली. ‘सेटअप इज स्टार्टिंग विंडोज’ आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. पडदा तसाच राहिला आणि मग डिस्कची चौकट आली. जुनं पार्टिशन डी आणि मग एल दाबून काढलं, नवीन केलं, एनटीएफएसने फॉरमॅट केलं. फाइली कॉपी झाल्यावर मशीन स्वतः बंद होऊन चालू झालं, ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी’ विचारलं आणि मी की दाबली. तर सगळं परत पहिल्यापासून सुरू झालं. हे कोणी करत असेल तर लक्षात ठेवा, दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा काहीही दाबायचं नाही, नुसतं बसायचं.

पहाटे तीनला डेस्कटॉप आला. चिपसेटचा ड्रायव्हर, मग व्हिडिओचा, मग डोंगलचा. डोंगलवरचा हिरवा दिवा लागला. पेजमेकर टाकलं, फॉन्ट टाकले आणि स्मरणिकेची फाइल उघडली.

यादी शाबूत आहे. एकूण ११२ नावं, तीन स्तंभांत. बाबांनी प्रत्येक नावापुढचं गिरणीचं नाव एका रेषेत येईल असे टॅब लावलेत, एकही ओळ हललेली नाही. ‘साचे खाते’, ‘वाइंडिंग खाते’, ‘वार्पिंग’. १८व्या पानाच्या कडेला, छपाईच्या हद्दीबाहेर, त्यांनी स्वतःसाठी एक चौकट ठेवली होती. त्यात लिहिलंय, ‘खोली ३७ की ७३, आईंना विचारणे’. आई म्हणजे माझी आजी. तिच्या माहेरचे सगळे त्याच चाळीत. छापील प्रतीत ही चौकट येत नाही, त्यामुळे ती कोणी पाहिलेली नाही. यादीत ७३ आहे, म्हणजे त्यांनी विचारलं होतं.

पानं पोस्टस्क्रिप्टमध्ये काढून पीडीएफ केली, फॉन्ट आत घालून. आता ती कुठल्याही मशिनवर नीट दिसतात. मंडळाला काल संध्याकाळी दाखवली. लॅपटॉपचं वायफाय बंद करून टाकलंय. ८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत, त्याला नेटवर सोडणार नाही. फाइली पेन ड्राइव्हने नेते-आणते. बाकीची जुनी कामंही दर रविवारी पीडीएफ करायला घेतलीत, १९९९ पासूनची.

---

लॅमिंग्टनकर

ताई, फार बरं वाटलं वाचून. ती चौकट जपून ठेवा. आणि सीडीची इमेज दोन ठिकाणी ठेवा, घरच्या सीडीला मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते.

---

कुर्ला_पश्चिम

माझं उलटं आहे. थोडा नवा लॅपटॉप, एनव्हीएमई एसएसडी, आणि मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ हवंय. पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू केलं की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही म्हणतं. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही.

---

७_४२ची_बदलापूर

तो संदेश फसवतो. त्याला यूएसबी ३ चा ड्रायव्हर हवाय. विंडोज ७ च्या मूळ सेटअपमध्ये तो नाही, म्हणून स्वतःचाच पेन ड्राइव्ह त्याला दिसेनासा होतो. यूएसबी २ चं भोक असेल तर तिथे लावून बघा. नसेल तर यूएसबी ३ चा ड्रायव्हर आणि एनव्हीएमईसाठीचं मायक्रोसॉफ्टचं अपडेट केबी२९९०९४१, दोन्ही डिझमने (विंडोजच्या इमेजमध्ये भर घालणाऱ्या टूलने) घाला. बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम या सेटअपच्या इमेज फाइली, दोन्हीत. फक्त बूट डॉट विममध्ये घातलं तर सेटअप होईल आणि पहिल्या बूटला पुन्हा ७बी. मशीन फारच नवं असेल तर इतका खटाटोप करण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला नवी आवृत्ती विचारा.

---

परळ_टीटी

ताई, माझ्याकडेही एक्सपीवरचं जुनं काम अडकलंय. नंबर २८२९ आला. तुमची पद्धत चालेल?

---

छापखाना_लालबाग

चालेल. २८२९ म्हणजे आयसीएच८एम. ड्रायव्हरची झिप तीच, फक्त टेक्स्टमोडच्या यादीत आयसीएच८एमवर खूण करा. कोऱ्या सीड्या आता पटकन मिळत नाहीत, मी दहाची थप्पी आणली होती, त्यातल्या सहा उरल्यात. मी परळ-लालबागमध्येच असते. इथे निरोप टाका, दोन काढून ठेवते.