मदत हवी आहे : घरच्या व्हिडिओसाठी ७ ते १ उलटी मोजणी, खटका आकड्याच्या मागे पडतोय

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी,

बाबांनी बरीच वर्षं सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलला. आता गुडघे साथ देत नाहीत, गेल्या वर्षीपासून ते ओट्यावर उभं राहूनच दर्शन घेतात. त्यांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटा डिजिटल करून आणल्यात, त्यात अलीकडचं मोबाइलवरचं शूटिंग जोडून वीसेक मिनिटांची फिल्म केली आहे. संक्रांतीच्या आधी घरच्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायची आहे.

सुरुवातीला जुन्या सिनेमाच्या रिळासारखी मोजणी हवी. यात्रेत अशा काठ्या सात, म्हणून ७ पासून. आकडे तयार मिळतात ते इंग्रजी असतात, ते नकोत. आजीने जाड मार्करने सात कागदांवर सात आकडे काढून दिलेत. तिचा ५ आणि तिचा ७ आमच्या घरात कुणीही ओळखेल. टिकटिक म्हणून आमच्या मागाच्या धोट्याचा एक खटका कापून घेतलाय. १ गेला की पडदा काळा, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' चा गजर.

मोबाइलच्या ॲपमध्ये करून पाहिलं. ७ ला खटका अगदी बरोबर बसतो. ४ पर्यंत कळेल इतका मागे येतो आणि १ ला तर पाव सेकंद तरी उशीर होतो. खटक्याची एक सेकंदाची एमपी३ फाइल आहे, तीच सात वेळा ओळीने लावली आहे. शिवाय आकडे बदलताना थरथरतात, एक वर तर दुसरा डावीकडे. आणि आकड्याभोवती फिरणारा तो घड्याळाचा काटा कसा आणायचा तेही समजत नाही. चार संध्याकाळी याच्यात गेल्या. जाणकारांनी सांगा की.

फ्रेममोजणी

खटक्याचं कारण तुमच्याच मजकुरात आहे. एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या बारीक मोजमापांच्या) ठोकळ्यांत भरतात. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ३८ ठोकळे भरून थोडं उरतं, तेवढ्यासाठी ३९ वा ठोकळा लागतो. त्यातली उरलेली जागा शांतता घालून भरली जाते. फाइलच्या सुरुवातीलाही थोडी शांतता चिकटते. त्यामुळे तुमची 'एक सेकंदाची' फाइल एक सेकंदाची राहिलेलीच नाही. एकदा वाजवलं तर कानाला कळणार नाही, पण सहा वेळा साचलं की कळतंच.

मूळ रेकॉर्डिंगमधून खटका पुन्हा कापा आणि डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनी फाइल) म्हणून जतन करा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात होतं. एमपी३ उघडून तिचीच डब्ल्यूएव्ही केलीत तर ती शांतता तशीच राहील. आणि क्लिपा एकीला एक चिकटवू नका, प्रत्येक खटका आकड्याच्या फ्रेमवर (व्हिडिओतल्या एका चित्रावर) वेगळा ठेवा. मग फाइल लांब असो की आखूड, फरक पडत नाही.

हे काम लॅपटॉपवर करा, मोबाइलवर फ्रेम मोजणं अवघड जातं. कॅसेटवरचं शूटिंग आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमचं असतं, म्हणून प्रोजेक्टही २५ चाच ठेवा. मोबाइलच्या क्लिपांचा वेग मात्र मध्येच कमीजास्त होतो. त्या आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (कायम एकच वेग) निवडून काढून घ्या, नाहीतर पुढे गजराचे ओठ आणि आवाज जुळणार नाहीत.

भोकाडीवाला

आकडे थरथरतात ते फोटो काढताना कागद हलल्यामुळे. ॲनिमेशनवाले कागदाला भोकं पाडून खुंट्यांत अडकवतात. आपल्याकडे ऑफिसचं दोन भोकांचं पंचिंग मशीन असतंच, भोकं ८ सेंटिमीटर अंतरावर पडतात. पुठ्ठ्यावर त्याच अंतराने दोन खुंट्या घट्ट बसवा आणि सातही कागद त्यात अडकवून फोटो घ्या. फोन स्टँडवर पक्का ठेवा, हाताने धरू नका. फोकस आणि उजेडही लॉक करा.

आजीला पुन्हा लिहायला लावू नका हो. नवा आकडा पहिल्यासारखा येत नाही. आहेत त्याच कागदांना भोकं पाडायची, फक्त आधी प्रत्येक आकड्याच्या मध्यावर पेन्सिलने बारीक फुली करून घ्या आणि फुलीपासून मोजून कागद मशीनमध्ये सरकवा.

रीळवाला

माझे वडील सोलापुरात एका थिएटरात ऑपरेटर होते, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. ती मोजणी प्रेक्षकांसाठी नव्हतीच, ऑपरेटरला एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर वेळेत जाता यावं म्हणून होती. अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने १९३० मध्ये ती पट्टी ठरवून दिली. त्यात आकडे सेकंदांचे नव्हते, फुटांचे होते, ११ पासून ३ पर्यंत. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. फिरत्या काट्याची, ८ ते २ अशी सेकंदांची पट्टी नंतर आली. तिच्यात २ ला एकच फ्रेम 'पीप' वाजतो, मग अंधार, आणि त्या पीपपासून ४८ फ्रेमनी, म्हणजे सिनेमाच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात २ सेकंदांनी, चित्र. १ दिसतच नाही.

तुम्ही १ दाखवा हवं तर, पण गजराआधी अंधार ठेवाच. त्या अंधारात माणूस श्वास धरतो.

काट्यासाठी शॉटकट हे व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकट आहे. २५ फ्रेमच्या हिशेबात ७ ची क्लिप २५ फ्रेमची करा, बाकी सगळ्या ४५ च्या. प्रत्येक क्लिप आधीच्या क्लिपवर २० फ्रेम चढवा. चढलेल्या भागाच्या गुणधर्मांत 'क्लॉक टॉप' निवडलं की नवा आकडा काट्यासारखा गोल फिरत उघडतो. मग पाच फ्रेम तो स्वच्छ दिसतो आणि पुढचा सुरू. खटके ०, २५, ५० असे दर २५ फ्रेमवर, शेवटचा १५० वर. १७५ ला मोजणी संपते.

बाळीवेसकर

जमलं! काल रात्री साडेअकराला पूर्ण झालं. सातही खटके फ्रेमवर बसलेत. भोकांची युक्ती पण लागू पडली, आता आकडे जागचे हलत नाहीत.

२ वर थांबायचं आजीला विचारलं. ती म्हणाली, "सातापासून मोजत यायचं आन् शेवटचं एक गाळायचं व्हय?" म्हणून १ ठेवलाय. त्यानंतर ४८ फ्रेम अंधार आणि मग गजर. आईला ऐकवलं तेव्हा ती गजर सुरू व्हायच्या आधीच हात जोडून बसली होती.

एक राहिलं. टीव्हीवर लावलं तर कडा थोड्या कापल्या जातात, ७ ची डावी टोकं जातात.

फ्रेममोजणी

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काही असेल, ते चालू करा. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह नेऊन दाखवणार त्यांच्या टीव्हीचा भरवसा नाही, म्हणून आकडे चौकटीच्या मधल्या ८० टक्क्यांत बसतील एवढे लहानही करून ठेवा.

बाळीवेसकर

केलं. बाबांना अजून दाखवलेलं नाही. यात्रेतल्या तेरा तारखेच्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या रात्री लावणार आहे, सगळे घरी असतील तेव्हा.