आधी संपादन की आधी मांडणी? स्वतः पुस्तक काढताना पडलेला प्रश्न

प्रश्न
गेली अनेक वर्षे मी कामानिमित्त यंत्रांच्या देखभालीचे अहवाल लिहीत आले आहे. त्या अनुभवावर आधारलेले, नवशिक्या तंत्रज्ञांसाठीचे सुमारे १८० पानांचे हस्तलिखित आता पूर्ण झाले असून ते मी स्वतःच प्रकाशित करणार आहे. खर्चाला मर्यादा असल्यामुळे आधी मांडणी (छपाईसाठी पानांची रचना) करून घ्यावी आणि मजकुरातील चुका त्या पानांवरच दुरुस्त कराव्यात, असा माझा विचार आहे. हा क्रम योग्य ठरेल का? शिवाय छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना एकच आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) चालतो का?

प्रतिसाद १
कृपया हा क्रम बदला. मांडणी झाल्यानंतर एक परिच्छेद जरी काढला, तरी पुढची पाने सरकतात, अनुक्रमणिकेतले आणि सूचीतले पृष्ठांक चुकतात, आणि पाने कमीजास्त झाली की पुस्तकाच्या कण्याची जाडी बदलून मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा करावी लागते. आधी आशयाचे संपादन, मग भाषेचे, त्यानंतर मांडणी, आणि मांडलेल्या पानांवर केवळ मुद्रितशोधन (छपाईपूर्वी उरलेल्या चुका शोधणे), हाच क्रम शेवटी स्वस्त पडतो.

अहवाल लिहिण्याची सवय पुस्तकात फार जड होते, हे मी अशी हस्तलिखिते तपासताना पुन्हापुन्हा पाहिले आहे. ‘पंपाच्या तपासणीची कार्यवाही दरमहा करण्यात यावी’ या वाक्यात काम कोणी करायचे, हेच कळत नाही. ‘चालकाने पंप दरमहा तपासावा’ एवढे पुरते. ‘करण्यात’ हा शब्द फाइलमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कर्ता कोण, हे स्वतःला विचारा.

प्रतिसाद २
वरील सल्ला बहुतांशी मान्य आहे, परंतु कर्ता न सांगणारी कर्मणी रचना सरसकट काढू नये. ‘ही झडप कारखान्यातच बसवलेली असते’ या वाक्यात कर्त्याची गरज नाही. मला अधिक घातक वाटते ती संज्ञांची सरमिसळ: एका प्रकरणात ‘झडप’ आणि दुसऱ्यात ‘व्हॉल्व्ह’ आले, तर नवशिक्याला ते दोन वेगळे भाग वाटतात. संपादकाकडे हस्तलिखित देण्यापूर्वीच शब्दयादी ठरवून सोबत द्या.

आयएसबीएन प्रत्येक स्वरूपासाठी वेगळा लागतो. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे. मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक राहतो, लक्षणीय बदल केलेल्या नव्या आवृत्तीला मात्र नवा घ्यावा लागतो. अॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर छापील पुस्तकासाठी मोफत मिळणारा क्रमांक अन्यत्र वापरता येत नाही. तेथील ई-पुस्तकाला तर आयएसबीएनची सक्तीच नाही.

प्रतिसाद ३
मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर संपादनाआधी रूपांतर करून घ्या, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडू शकतात व ते डोळ्यांनीच तपासावे लागतात. आपल्या विषयात तक्ते पुष्कळ असणार. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याच्या मापानुसार वाहतो, त्यामुळे सहा-सात स्तंभांचा तक्ता फोनवर वाचता येत नाही. तो आताच दोन-तीन लहान तक्त्यांत विभागावा.

आणि एक आग्रहाची सूचना. संपादनानंतर एखादे प्रकरण ज्याने ते काम कधी केलेले नाही अशा व्यक्तीच्या हाती द्या, तिला यंत्रापुढे उभे करा आणि आपण काहीही न बोलता पाहत राहा. ती जेथे थांबून मागचे पान उलटेल, तेथे पेन्सिलीने खूण करा. ती वाक्ये पुन्हा लिहून झाल्याशिवाय फाइल मांडणीला देऊ नका.