डार्क फ्रेम आणि आपला उन्हाळा: तुमचे अनुभव सांगा

जळगावात मे महिन्यात रात्री एक वाजताही गच्चीची फरशी कोमट असते. अशा रात्री धनु राशीतला लगून तेजोमेघ (एम ८) टिपला. आयएसओ १६००, दोन-दोन मिनिटांचे ४० फोटो. संगणकावर घेऊन उजळवले तर तेजोमेघ बाजूलाच, सगळीकडे लाल-निळ्या ठिपक्यांची रांगोळी. जानेवारीत याच कॅमेऱ्याने मृगातला तेजोमेघ काढला होता, तेव्हा एवढा त्रास नव्हता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: टोपण लावून, तेवढाच वेळ, तेच आयएसओ आणि तेच तापमान ठेवून काढलेला काळा फोटो म्हणजे डार्क. उजेड नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेने इलेक्ट्रॉन साठत जातात, साधारण दर ६-७ अंशांना दुप्पट. म्हणजे १० अंशांवरून ३० वर गेलात की आठपट. काही पिक्सेल तर जन्मजात तापट, तेच हॉट पिक्सेल. डार्कमध्ये त्यांची हजेरी लागते, मग ती मूळ फोटोतून वजा करायची. कागदावर सोपं आहे. कोणाचं काय फसलं ते आधी लिहा, जमलेलं नंतर.

भुसावळ

माझं फसलेलं लांबलचक आहे. डिसेंबरात तोरणमाळला गेलो होतो. थंडीत बोटं वाकत नव्हती, म्हणून डार्क न काढताच गाडीत बसलो. घरी काढू, त्यात काय! काढले थेट एप्रिलमध्ये, पंख्याखाली. वजा केल्यावर हॉट पिक्सेलच्या जागी काळे खड्डे पडले, जणू फोटोला वाळवी लागली. उन्हाळ्याचा डार्क हिवाळ्याच्या फोटोतून जास्तीचं काढून घेतो, हे तेव्हा कळलं.

माझ्या कॅननच्या रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या आतलं तापमान नोंदलेलं असतं. तोरणमाळच्या फोटोंत ते १५ ते १९ होतं. मग कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून फ्रिजमध्ये ठेवला, कैरीच्या पन्ह्याशेजारी. रिमोटवर दोन-दोन मिनिटांचे फोटो चालू. आईने दूध काढायला दार उघडलं आणि विचारलं, "कॅमेरा आजारी पडना का रे?"

तासाभरात तापमान ३१ वरून ११ वर आलं. त्यातले १५ ते १९ मधले तेवढे ठेवले, बाकी फेकले. असं तीन वेळा केल्यावर २० डार्क जमले. खड्डे गेले. एकच सांगतो, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, कॅमेऱ्याला घाम फुटतो.

चाळीसगाव

पाटणादेवीच्या अलीकडे ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे दुर्बीण लावतो. (भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, तो शिलालेख याच पाटणचा. तिथे उभं राहून टोपण लावायला विसरलं की जास्तच लाज वाटते.) मी डार्क पहाटे आवरताना काढायचो. न्यूटोनियन दुर्बीण, पुढे झाकण घट्ट, मी चहा टाकण्यात मग्न. पूर्वेला फटफटायला लागलं की डार्कचा एक कोपरा राखाडी. कारण नळीची मागची बाजू, आरशाभोवती, उघडीच असते! आता कॅमेरा काढून त्याचंच टोपण लावतो, व्ह्यूफाइंडरवर चिकटपट्टी आणि वर काळ्या कापडाची घडी. तेव्हापासून कोपरा काळाच.

शहादा

माझं छोटं. कॅमेऱ्यात 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' चालू राहिलं होतं. म्हणजे प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा स्वतःच तेवढ्याच वेळाचा डार्क काढत बसतो. मिथुन राशीचा उल्कावर्षाव, १४ डिसेंबरची रात्र. सगळ्यांत मोठी उल्का, हिरवट, अर्धं आकाश कापत गेली, ती बरोबर कॅमेरा डार्क काढत असताना. अर्धी रात्र अशीच गेली.

धुळे

२०२४ मध्ये उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोनी बोरियालिस हा तारा उजळण्याची सगळे वाट पाहत होते. १८६६ आणि १९४६ मध्ये तो असाच अचानक उजळला होता. रोज फोटो काढायचो. एका रात्री मुकुटात नवा ठिपका! मित्राला झोपेतून उठवलं. तो शांतपणे म्हणाला, "दोन फोटो एकावर एक ठेव." ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नव्हता, त्यामुळे तारे सरकले होते. माझा नवतारा मात्र त्याच पिक्सेलवर ठाण मांडून होता. पांढराही नव्हता हो, लालभडक होता. मला तेव्हा दिसला नाही इतकंच.

अमळनेर

मी वेगळं बोलतो. मी डार्क सोडले. दर दोन फोटोंनंतर माउंट, म्हणजे कॅमेऱ्याची फिरती बैठक, थोडा हलवतो, हेच डिदरिंग. तारे जुळवले की हॉट पिक्सेल विखुरतात आणि स्टॅकिंगमध्ये, म्हणजे फोटो एकावर एक रचताना, सिग्मा क्लिपिंगने (बाकी फोटोंशी न जुळणारे ठिपके वगळून) गळून पडतात. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं. आपल्याकडे संध्याकाळी ३८ आणि पहाटे २६, साध्या कॅमेऱ्याने कुठल्या तापमानाचे डार्क काढणार?

धागाकर्ता

अमळनेरकर, तापमानाचं पटलं. पण सेन्सरच्या कडेला येणारी झळाळी, अ‍ॅम्प ग्लो, डिदरिंगने जात नाही, तिला डार्कच लागतो. आणि चार-पाच डार्कवर भागवू नका. डार्कला स्वतःचाही गोंगाट असतो, एकच वजा केला तर फोटो उलट जास्त खरखरीत होतो. २५ एकत्र केले तर तो गोंगाट पाचपट कमी. कूलिंगवाला कॅमेरा असेल तर प्रश्नच मिटला, एकदा काढून ठेवा आणि काही महिने वापरा.

चोपडा

आमच्या केळीला पाणी द्यायला रात्रीची लाइट असते. म्हणजे माझ्याकडे लाइट दोन प्रकारचे, एक शेतातली आणि एक दुर्बिणीतले (टोपण न लावता काढलेल्या खऱ्या फोटोंना लाइट म्हणतात). मागच्या आठवड्यात असं ठरवलं की मोटर चालू करायला जाताना टोपण लावायचं, परत येईपर्यंत १५ डार्क होतात. वेळ वाया जात नाही, आणि तापमानही रात्रीच्या मधलंच मिळतं. दोन दिवस झकास चाललं.

तिसऱ्या दिवशी पाइप फुटला. गुडघाभर चिखलातून येऊन पाय धुतले, पुढचे फोटो चालू केले आणि बाजेवर आडवा झालो. सकाळी बघतो तर ८५ फोटो, सगळे काळे. टोपण तसंच.

आता माझ्याकडे २८ अंशांचे, दोन मिनिटांचे, आयएसओ १६०० चे शंभर डार्क आहेत. प्रत्येक सेन्सरचे ठिपके वेगळे असतात, नाहीतर गावभर वाटले असते.