सातवीतल्या पोराचा अख्खा फेब्रुवारी उपक्रमातच चाललाय, अभ्यास कधी व्हायचा?

हळदपेठ_दिवाणजी | १८ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सध्या सौद्यांचे दिवस, घरी पोचायला साडेनऊ होतात. जेवायला बसायच्या आधी पोराच्या वह्या बघायच्या, ही माझी जुनी सवय. काल गणिताची वही उघडली तर शेवटची तारीख ३० जानेवारी. पुढची पानं कोरी. विज्ञानाच्या वहीत एक हळदीचा डाग.

पोरगं सातवीत आहे. शाळेचं नाव घेत नाही, मास्तर लोक चांगले आहेत. पण महिन्याच्या सुरुवातीला एक झेरॉक्स कागद आला, त्यावर महिनाभराचे उपक्रम. दप्तराविना शनिवार, बाजारभेट, शिवजयंती, मराठी भाषा गौरव दिन, विज्ञान दिन. आणि अधूनमधून 'पालकांचे सहकार्य अपेक्षित'. या सहकार्याचा अर्थ आता मला कळलाय. रात्री साडेनऊला पोरगं सांगतं, उद्या पिवळा कार्डशीट पाहिजे. मग मी अर्धं शटर खाली केलेल्या दुकानात वाकून आत बघत "ओ मालक" करत उभा. आज फेटा होता, उद्यासाठी. तो आमच्या शेठजींच्या घरून आणला.

१३ तारखेला सातवीची पोरं आमच्या यार्डातच आली. ४२ पोरं, दोन बाई आणि एक सर. सौदा चालू, व्यापारी एका ढिगाकडून दुसऱ्याकडं निघालेले, हमालांची पोत्यांची ये-जा, त्यात ही रांग. माझ्या चिरंजीवांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. खरेदीदार हळकुंड मोडून बघतात हे पोरांना फार आवडलं. चांगलं वाळलेलं असलं तर कट्कन मोडतं, आतला रंग दिसतो. शेठजींनी प्रत्येकाला एकेक हळकुंड दिलं आणि पुढची दहा मिनिटं पेठेत नुसतं कटाकट. मग फोटो. बॅनर धरून एकदा, बॅनर सरळ करून परत एकदा.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. आता माझ्या गच्चीवर हळद वाळत पडलीय. पोरांचे सात-सात जणांचे सहा गट केलेत आणि प्रत्येक गटाला एक किलो ओली हळद दिलीय. शिजवायची, वाळवायची, दर तीन-चार दिवसांनी वजन करायचं. ८ तारखेला बायकोनं पातेल्यात शिजवून दिली, हे सात जण काडी टोचून टोचून बघत होते. त्या दिवसापासून घरात कोण आलं की आधी विचारतं, हळदीचा कार्यक्रम कुणाचा? छोटा वजनकाटा मी दुकानातून आणून दिला, तो अजून परत गेलेला नाही.

मी दिवसभर हळदच बघतो. पोरानं तरी दुसरं काही शिकावं म्हणून शाळेत घातलं ना? एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. बायको म्हणते, "तुमचं आपलं कायतरीच, पोरगं खुशीत आहे." खुशीत तर तो आमराईत सोडला तरी असतो.

तर विचारायचं असं, की तुमच्याकडंही असंच चाललंय का? सरांना भेटून बोलू, की गप क्लास लावू?

विटेकर_९ | १८ फेब्रुवारी, रात्री ११.०५

क्लास लावा. शाळा उपक्रमाला, क्लास अभ्यासाला, आता असंच असतंय. आमची पोरगी सहावीला आहे, तिच्या शाळेत मागच्या महिन्यात बालबाजार भरवला. हिनं २० रुपये पेंडीची मेथी १० रुपयाला विकली आणि घरी येऊन म्हणाली, सगळी संपली! आजी खूश.

तासगावची_बाई | १९ फेब्रुवारी, दुपारी २.१५

दिवाणजी, मी तासगाव तालुक्यात उच्च प्राथमिक शाळेवर गणित-विज्ञान शिकवते. आज शिवजयंतीचा कार्यक्रम आटोपून आत्ता बसलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या बाजूचं. फोटोचं दुखणं आम्हालाही आहे. उपक्रम झाला याचा पुरावा फोटोच असतो, त्यामुळे बॅनर आधी आणि बाकी सगळं नंतर, असं होतं. महिन्यात पाच 'दिन' आले की एकाचंही धड काही होत नाही. २७ ला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला विज्ञान दिन, लागोपाठ. म्हणजे सकाळी कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, दुसऱ्या दिवशी तोच हार रामन यांना. १९२८ साली रामन यांना नेमकं काय सापडलं, हे विचारायला पोरांना सवड मिळत नाही आणि आम्हाला सांगायलाही. रात्रीच्या कार्डशीटबद्दल मात्र हात जोडते. आम्ही चार दिवस आधी सांगतो, पोरांना आदल्या रात्री आठवतं.

दप्तराविना दिवसांचं म्हणाल तर ते २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच आहे, सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षात दहा दिवस. त्या दिवसांत गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून काहीतरी हातानं शिकावं, असा विचार आहे. बहुतेक ठिकाणी त्याची सहल होते.

पण तुमच्या गच्चीवरची हळद मला त्यातली वाटत नाही. शेकडेवारी सहावीत होते. 'शेकडा म्हणजे दर शंभरी' हे पोरं घडाघडा म्हणतात, पण एक किलोतून चारशे ग्रॅम उडून गेले तर किती टक्के गेले, असं विचारलं की तोंडाकडं बघतात. सातवीत जोडस्तंभालेख आहे. पुस्तकात दोन शाळांची किंवा दोन वर्षांची कसली तरी आकडेवारी देतात, मुलं पट्टीनं खांब काढतात, सुटतात. तुमच्याकडं सहा गट, प्रत्येकाची ओली आणि वाळलेली अशी दोन वजनं. यापेक्षा नेटका जोडस्तंभालेख मला वर्गात बसून सुचला नसता. बाईंनी तो डोक्यात धरला असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्याकडं पुराचा धडा होता तेव्हा मी एक केलं होतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे आकडे दर पावसाळ्यात मोबाइलवर फिरतात. ४५ फूट म्हणजे किती, ते पोरांना ठाऊक नव्हतं. सुतळी मोजून घेतली आणि गच्चीवरून सोडली. आमची शाळा दुमजली, सुतळी जमिनीला टेकून वर ढीग उरला. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं, हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. पातळी नदीतून मोजतात, रस्त्यापासून नाही, हे एका मुलीनंच काढलं. ती एरवी बोलत नाही.

वही बघू नका, वजनाचा कागद बघा. तो नसेल, तर मात्र सरांना जरूर भेटा.

मिरजेची_संध्या | १९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

बाईंशी सहमत, पण थोडीच. माझ्या मुलीची शाळा सतारमेकर गल्लीत घेऊन गेली होती. मिरजेची सतार आणि तंबोरा म्हणजे २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, मुलांनी बघायलाच पाहिजे. पण ९० मुलं आणि ती एवढीशी दुकानं! दहा-दहा मुलं आत, बाकीची बाहेर उन्हात. लेकीला विचारलं काय बघितलंस, तर म्हणाली भोपळा. बरं, भोपळ्याचं काय? "मोठा होता." वाळवलेल्या भोपळ्यातून सूर कसा घुमतो ते त्या कारागिरानं सांगितलंही असेल, पण दाराशी उभ्या मुलाला काय ऐकू जाणार. दिवाणजी, तुमच्याकडं निदान सात पोरांत एक काटा आहे.

जाता जाता, वहीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावू नका, लाल होईल. आमच्याकडं भाचीच्या हळदीला धाकट्या जावेनं पांढऱ्या सदऱ्यावर साबण चोळला आणि नवऱ्यामुलाला जखम झाली म्हणून पाहुणे धावले होते.

हळदपेठ_दिवाणजी | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१०

संध्याताई, डागाचं घरी वाचून दाखवलं तर चिरंजीव म्हणाले, माहितीय. विज्ञानाच्या तासाला कागदाला हळद फासून दर्शक कागद केला होता, त्यावर साबणाच्या पाण्यानं लाल अक्षरं काढली आणि वर लिंबू पिळून परत पिवळी केली. वहीवरचा डाग तिथला. वर मलाच विचारलं, हळदीचं कुंकू कसं करतात सांगा. मी म्हटलं, चुना घालून. "मग चुना आम्ल का आम्लारी?" एवढी वर्षं हळदीत काढून मला उत्तर आलं नाही.

बाई, वजनाचा कागद आहे. देव्हाऱ्याच्या मागं खिळ्याला लावलाय, म्हणून दिसला नव्हता. ८ तारखेला १००० ग्रॅम, ११ ला ६९०, १५ ला ४३०, काल ३१५. पुढं एक चौकट रिकामी, वर लिहिलंय 'अंदाज', आणि पोरानं तिथं ० लिहून खोडलंय. शंभर-शंभर ग्रॅमनी कमी होत गेली तर शेवटी काहीच उरणार नाही, असं त्याला वाटलं असावं. खोडून २०० केलंय. कुठनं आणलं विचारलं तर म्हणतो, तुमच्या दुकानातल्या शेतकरी काकांनी सांगितलं, पाचाला एक.

हरिपूरचा_आजोबा | २० फेब्रुवारी, सकाळी ७.२०

नातवानं ही चर्चा दाखवली. दिवाणजी, मी हरिपूरचा. पोरांना हळद दाखवताय तर पेवंही दाखवा, राहिली आहेत तोवर. आमच्या लहानपणी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा आणि माल पेवात जायचा. जमिनीत खोल खड्डा, आत पाला-गवताचं अस्तर, हळद भरली की तोंड मातीनं बंद. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही. कारण काय? आत हवा खेळत नाही, असलेला प्राणवायू संपतो, किड्याला श्वास घ्यायला काही उरत नाही. म्हणूनच पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला की अजून थांबायचं. आम्हाला हे कुणी विज्ञान म्हणून शिकवलं नाही, बाप कानाखाली वाजवायचा म्हणून लक्षात राहिलं.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि फार नुकसान झालं. नंतर लोक गोदामाकडं, शीतगृहाकडं वळले. पोरं आणाल तर काठावरूनच दाखवा, आत उतरवू नका. संगमेश्वराला दर्शन घेऊन कृष्णा-वारणेचा संगमही बघता येईल. बॅनर आणू नका.

विटेकर_९ | २० फेब्रुवारी, सकाळी ९.००

आजोबा एक नंबर. तरी क्लास लावाच.

हळदपेठ_दिवाणजी | २ मार्च, रात्री ११.२०

उशिरा लिहितोय, सौद्यांनी मान वर करू दिली नाही.

२२ ला २४०, २५ ला २१३, २८ ला २०८ आणि काल परत २०८. दोन वेळा तेच वजन आलं म्हणजे वाळली, असं गटानं ठरवलं. मी हळकुंड मोडून बघितलं, वाळली होती. मग सातही जणांनी पोत्याच्या तुकड्यात घालून घासली, त्यात पाच ग्रॅम गेले. सहापैकी एका गटाची १६० च भरली. त्यांनी म्हणे आधी न शिजवताच चकत्या करून वाळत घातली होती आणि थोडीफार कबुतरांनी उडवली. बाईंनी तोही खांब आलेखात तसाच ठेवायला लावला, खाली कारण लिहून.

विज्ञान दिनाला मी अर्धा दिवस सुट्टी टाकून शाळेत गेलो. बॅनर होताच. फोटोही झाले, एकात मीही आहे.

पण खरं सांगायचं ते काल रात्रीचं. मी जेवून पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाचे हिशेब, लिहीत बसलो होतो. पोरगं शेजारी येऊन बसलं आणि विचारायला लागलं, क्विंटलला किती भाव धरू? मी म्हटलं, सोयीसाठी १५,००० धर. त्यानं कागदावर मांडलं. म्हणजे वाळलेली किलोला १५० रुपये. आमच्या एक किलो ओल्यातून २०८ ग्रॅम निघाली, म्हणजे ३१ रुपये २० पैसे. मग म्हणाला, यातून शिजवायचा खर्च, वाळवायची मजुरी, पॉलिश, गाडीभाडं, हमाली, तोलाई जाणार. बियाणं, खत आणि शेतातले नऊ महिने तर त्याच्याही आधीचे. "मग त्या काकांना ओल्या किलोमागं किती उरले, पप्पा?"

इतकी वर्षं पट्ट्या लिहितोय. क्विंटलच्या वर कधी गेलो नाही की ओल्या किलोपर्यंत कधी खाली आलो नाही. म्हटलं, शेतकऱ्याशेतकऱ्यावर आहे. तर म्हणाला, मग एका शेतकऱ्याचं विचारून या.

उद्या दिग्रजचे एक जण माल घेऊन येणार आहेत, जुने ओळखीचे. त्यांना विचारीन म्हणतो. काटा मात्र सध्या घरीच राहणार. आता त्यावर आईच्या पोळ्या वाळवून बघायचं चाललंय.

तासगावची_बाई | ३ मार्च, सकाळी ६.४५

दिग्रजच्या काकांचा हिशेब मिळाला तर इथं टाका. माझ्या सातवीला देते.