दोन चाके बंद पडल्यावर केपलर दुर्बीण स्थिर कशी राहिली?

धूमकेतू
केपलर अंतराळ दुर्बिणीविषयी एक शंका आहे. मार्च २००९ मध्ये ती सोडली तेव्हा तिच्यावर चार रिअ‍ॅक्शन व्हील्स (फिरण्याचा वेग बदलून यानाला हवे तसे वळवणारी चाके) होती. त्यांपैकी एक जुलै २०१२ मध्ये आणि दुसरे मे २०१३ मध्ये निकामी झाले. यान तिन्ही अक्षांभोवती आवरायचे तर किमान तीन चाके हवीत, हे मला समजते. मग २०१४ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत, इंधन संपेतो, तिने के-२ या नावाने पुन्हा ग्रहशोध केला तो कसा? ‘सूर्यप्रकाशाच्या दाबाचा उपयोग केला’ एवढेच वाक्य जिथे तिथे वाचायला मिळते. परंतु ज्या दाबाने यान ढळते, तोच दाब त्याला सावरील कसा? आणि तिसऱ्या अक्षासाठी नुसते थ्रस्टर (फवारा मारून यानाला ढकलणारी छोटी इंजिने) वापरून भागले नसते का?

सुकाणू
दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश दहा लाखांत सुमारे ८४ भागांनीच घटतो. थ्रस्टरचा प्रत्येक फवारा यानाला हिसका देतो, त्यामुळे सतत फवारे मारत राहिल्यास एवढी बारीक घट टिपता येत नाही. शिवाय इंधन मोजकेच असते.

आता दाबाविषयी. पृथ्वीच्या अंतरावर पूर्ण परावर्तक पृष्ठभागावर सूर्यप्रकाशाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९ मायक्रोन्यूटन, म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम वजनाइतका असतो. अवकाशात घर्षण नसल्यामुळे एवढ्यानेही यान हळूहळू फिरू लागते. केपलरचे सौरपट्टे दुर्बिणीच्या एकाच अंगाला, मधोमध कडा असलेल्या छपरासारखे होते. ती कडा नेमकी सूर्याकडे धरली की दोन्ही उतारांवरचा दाब सारखा होतो आणि दुर्बिणीच्या लांबट अक्षाभोवती यानाला वळवणारे बल जवळजवळ शून्य होते. उरलेले दोन अक्ष शिल्लक दोन चाकांनी सांभाळले.

मात्र हा समतोल कौलारू घराच्या आढ्यावर ठेवलेल्या चेंडूसारखा आहे: जरा कलला की घरंगळू लागतो. म्हणून दाब यानाला ‘स्थिर ठेवतो’ असे म्हणणे मला पटत नाही. तो फार सावकाश ढळू देतो, इतकेच. साधारण दर सहा तासांनी थ्रस्टरचा एक छोटा फवारा मारून यान आढ्याच्या पलीकडे किंचित ढकलायचे, की ते पुन्हा तेवढाच वेळ हळूहळू सरकत राही.

हा समतोल टिकवायचा तर दुर्बीण यानाच्या कक्षेच्या प्रतलातच रोखावी लागे. त्यामुळे हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांतले मूळ क्षेत्र सोडून क्रांतिवृत्तालगतची (आकाशातल्या सूर्याच्या वाटेलगतची) क्षेत्रे घ्यावी लागली आणि यान सूर्याभोवती पुढे सरकत असल्याने प्रत्येक क्षेत्राच्या वाट्याला सुमारे ऐंशीच दिवस आले.

करवत
सुकाणू यांनी सांगितलेले सहा तास निरीक्षणांमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतात. के-२ ची निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. मी पहिल्यांदा एका ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख काढला तेव्हा तो करवतीच्या दात्यांसारखा आला आणि आपला प्रोग्रॅम चुकला असे समजून मी दोन संध्याकाळी त्यातच घालवल्या. चूक प्रोग्रॅमची नव्हती. यान घरंगळते तशी ताऱ्याची प्रतिमा एका पिक्सेलवरून शेजारच्या पिक्सेलवर सरकते, सगळ्या पिक्सेलांची संवेदनक्षमता सारखी नसते, आणि फवारा बसताच प्रतिमा मूळ जागी परतते. सरकण्याची वाट दर वेळी जवळजवळ तीच असल्यामुळे प्रतिमेचे स्थान आणि प्रकाशाची नोंद यांचा संबंध काढून तो वजा करता येतो. तसे केल्यावर निदान तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत मूळ मोहिमेच्या जवळ जाणारी अचूकता मिळते. फवारे अनियमित असते, तर हे फारच अवघड गेले असते.

ध्रुवमत्स्य
एक पुस्ती जोडतो. बाहेरून येणारे बल एकाच दिशेने लागत राहिले तर चाक त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) स्वतःत साठवत अधिकाधिक वेगाने फिरते आणि शेवटी त्याची मर्यादा गाठते. तो संवेग कुठेतरी ओतावाच लागतो. पृथ्वीजवळच्या उपग्रहाला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हाताशी असते. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचा सहभाग असलेल्या भारताच्या अंतराळ दुर्बिणीवर, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवर याच कामासाठी चाकांच्या जोडीला विद्युतचुंबक आहेत. फ्यूज या अतिनील दुर्बिणीची दोन चाके २००१ च्या अखेरीस गेली, तेव्हा तिच्या विद्युतचुंबकांनीच तिसऱ्या अक्षाची उणीव भरून काढली. केपलर पृथ्वीच्या मागून सूर्याभोवती फिरत होती, त्यामुळे हा मार्ग तिला मोकळाच नव्हता.

चाके का बिघडली, याविषयी २०१७ मध्ये मांडलेले एक स्पष्टीकरण मला सयुक्तिक वाटते: सौर वादळांमुळे विद्युतभार साचून बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांवर सूक्ष्म ठिणग्या पडतात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि घर्षण वाढत जाते. सिरॅमिक गोळ्या वीजवाहक नसल्यामुळे त्यांना हा धोका नाही.

धूमकेतू
तिघांचेही आभार. ‘सावकाश ढळू देतो’ या शब्दांनी माझा घोळ मिटला. मी छपराची कल्पना उलटी करून चेंडू पन्हाळीत ठेवला होता. करवत, तुम्ही म्हणता तो आलेख आज रात्री काढून पाहतो.