शनिवारच्या मतदानाला कोण कोण येतंय?

(भावकीचा ग्रुप, गुरुवार 15 एप्रिल 2021, रात्री)

तात्या (गाव): सात वाजता प्रचाराचे भोंगे बंद झाले. परवा, 17 तारखेला पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा पोटनिवडणुकीचं मतदान, सकाळी सात ते संध्याकाळी सात. पुण्यातले कोण कोण येणार ते आजच सांगा.

पिंट्या (चिंचवड): तात्या, इकडं कोरोनामुळं काल रात्री आठपासून संचारबंदी लागलीय. आणि आमच्याकडं शनिवारी कामाचा दिवस. इथं निवडणूकच नाही म्हटल्यावर सुट्टी कोण देणार?

दादा (हडपसर): मिळते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 135 ब आहे. मतदारसंघाबाहेर नोकरीला असलास तरी नाव तिथल्या यादीत असेल तर मतदानादिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते. पोटनिवडणुकीलाही तेच. यादीतल्या नावाचा फोटो साहेबांना पाठव आणि माग.

आत्या (पंढरपूर): पोरांनो, येऊ नका असं मी म्हणणार नाही, पण जिवाला जपा. विठ्ठलाचं दार बंद आहे, चैत्री आठवड्यावर आली तरी वारीचा पत्ता नाही, आणि सभांना मात्र खांद्याला खांदा लावून माणसं बसली. सरकारनं राज्यभर निर्बंध लावले आणि आपल्याकडं मतदान होईपर्यंत थांबवले. मला हे अजिबात पटलेलं नाही.

पिंट्या (चिंचवड): मग पुढं का ढकलली नाही निवडणूक?

दादा (हडपसर): जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, असं कलम 151 अ सांगतं. आपले आमदार भारत नाना भालके 28 नोव्हेंबरला वारले, म्हणजे मे महिनाअखेरपर्यंतची मुदत. मुदतीत घेणं अवघड आहे असं आयोगानं केंद्राशी बोलून प्रमाणित केलं तर लांबवता येते, किंवा सभागृहाचं एका वर्षाहून कमी राहिलं असेल तर घ्यावीच लागत नाही. आपल्याकडं 2024 पर्यंत साडेतीन वर्षं आहेत. एवढा काळ तालुक्याला आमदार नको, असं कोण म्हणेल? बेळगाव लोकसभेचीही त्याच दिवशी आहे.

वहिनी (गाव): मला केंद्रावर ड्युटी लागलीय. उद्या साहित्य ताब्यात घेऊन शाळेतच मुक्काम. केंद्रावर काय होणार ते सांगते. दारात ताप तपासणार, सॅनिटायझर देणार, एका हातात मोजा घालून बटण दाबायचं. ताप निघाला तर टोकन देऊन शेवटच्या तासाला बोलावणार. हे सगळं आम्ही नीट करू. पण पुण्याहून येणाऱ्याला जरा जरी कणकण असेल तर त्यानं निघूच नये. आईंचा लसीचा पहिलाच डोस झालाय.

तात्या (गाव): सूनबाई बरोबर बोलली. आता माझं ऐका, जरा लांबलं तरी वाचा.

नानांना आपण तीनदा निवडून दिलं. 2009 ला विजयसिंह मोहिते पाटलांसारख्या माणसाला हरवून ते विधानसभेत गेले, 2014 ला काँग्रेसकडून, 2019 ला राष्ट्रवादीकडून. पक्ष बदलला, चिन्ह बदललं, तरी आपण माणूस बघून मत दिलं. आता त्यांचा मुलगा भगीरथ उभा आहे. बाप गेलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा असं गावात बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. भाजपकडून समाधान आवताडे आहेत, दामाजी साखर कारखान्यामुळं घरोघरी ओळख, आणि आपल्या मंगळवेढ्याचा आमदार व्हावा असं म्हणणारेही तितकेच आहेत. ज्याला त्याला आपलं मत. मी कुणाला सांगणार नाही.

पण पाण्याचं विसरू नका. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, भरलं की 117 टीएमसी. आणि दक्षिण भागातली आपली पस्तीस गावं अजून आभाळाकडं बघतात. हुन्नूर, भोसे, नंदेश्वर, कुठंही जा, माणूस पहिल्यांदा पाण्याचंच बोलतो. परतीचा पाऊस झाला तर मालदांडी ज्वारी येते, नाही झाला तर कडबा विकत आणायचा. आज दुपारी विहिरीत डोकावलो, परसातली बादली सोडली तर निम्मी गाळानं भरून वर आली. उपसा सिंचन योजनेचं नाव ऐकत ऐकत माझे केस पांढरे झाले.

या महिन्यात अजितदादा आले, फडणवीस आले, मंत्री आले. एवढी मोठी माणसं आपल्या शिवारात परत कधी येतील? म्हणून पारावर बसून कागद केलाय. पस्तीस गावांच्या योजनेचं काम कधी सुरू करणार, कोणत्या गावाला आधी पाणी, हे दोनच प्रश्न. दोन्ही उमेदवारांच्या माणसांकडं प्रत दिली, पोच घेतली.

दादा (हडपसर): तात्या, हे फार चांगलं केलंत. 288 मधल्या एका जागेनं सरकार पडतही नाही आणि येतही नाही. त्यामुळं या वेळी पक्षापेक्षा आपल्या कामाचं बघायला मोकळीक आहे. पोच जपून ठेवा. जो निवडून येईल त्याला पहिल्या अधिवेशनात हाच प्रश्न विचारायला लावू.

आत्या (पंढरपूर): आमच्या शहरात हा विषय कुणी काढत नाही रे. इथं यात्रा, घाट आणि दुकानं बंद पडल्याचंच दुःख. वर्षभर व्यापाऱ्यांची चूल पेटायची मारामार झालीय. पण तात्या, तुझा कागद मला पाठव, गल्लीत वाचून दाखवते. एकाच आमदाराला मत देणार, तर एकमेकांचं दुखणं माहीत असावं.

पिंट्या (चिंचवड): साहेबांना फोन केला. कलम सांगितल्यावर हो म्हणाले. दादा, तुमच्या गाडीत जागा आहे का?

दादा (हडपसर): आहे, तिघांचीच. उद्या सकाळी अँटिजेन टेस्ट कर, रिपोर्ट ग्रुपवर टाक, मगच गाडीत बस. मीही करतो. मतदार ओळखपत्र विसरू नको.

वहिनी (गाव): आल्यावर आधी केंद्रावर या, सकाळी गर्दी कमी असते. आईंना अंगणातूनच भेटा. जेवणाचे डबे बांधून ठेवायला जाऊबाईंना सांगितलंय, ते घ्या आणि उजेडातच माघारी निघा.

तात्या (गाव): 2 मे ला निकाल. कोणीही येऊ द्या, आपण पाच जण कागद घेऊन त्याच आठवड्यात भेटायला जायचं. कोण येणार त्यांनी नावं कळवा.