मदत हवी आहे: बाबांसाठी जुना एफएम ट्यूनर, बजेट १० हजार

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीला राहतो. बाबा ७९ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून नजर अधू झालीये, पेपर सुटला, टीव्हीसमोर बसवत नाही. राहिला रेडिओ. सकाळी विविध भारती, दुपारी एफएम गोल्ड, रात्री छायागीत संपलं की झोप. सध्या हे सगळं मोबाइलच्या अ‍ॅपवर चालतं आणि तिथेच अडतं. मध्ये कुणाचा फोन आला की गाणं थांबतं आणि ते परत लावणं त्यांना जमत नाही. आम्ही दोघंही नोकरीला. परवा संध्याकाळी घरी आलो तर कळलं, दुपारपासून रेडिओ बंदच. "तुला ऑफिसात कशाला त्रास द्यायचा" म्हणून तसेच बसून होते. मला फार लागलं ते.

पोर्टेबल सेट आणून पाहिला. त्याचं चाक नखाएवढं, जरा धक्का लागला की स्टेशन गेलं. बाबांना हातात मावेल असं फिरवायचं बटण हवंय. पूर्वी घरी व्हॉल्व्हचा सेट होता, त्यावर ते अंधारातसुद्धा नुसत्या कानाने स्टेशन लावायचे. ती सवय अजून बोटांत आहे. घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि बरे स्पीकर आहेतच, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची 'ट्यूनर' लिहिलेली सॉकेटची जोडी रिकामीच आहे. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातला काट्याचा ट्यूनर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा, स्वतःचा स्पीकर नसलेला रेडिओ शोधतोय.

आधी ऑनलाइन जपानी माल बघितला. स्वस्त आणि दिसायला नवाकोरा. पैसे भरणार तेवढ्यात डायलचा फोटो मोठा करून पाहिला, तर आकडे ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढेच! जपानच्या देशी मॉडेलचा जुना एफएम पट्टा तेवढाच असतो आणि वीज १०० व्होल्टची. आपल्याकडे ९० च्या वरच सगळं चालतं, म्हणजे तो आपल्याला काही उपयोगाचा नाही. कुणी घेत असाल तर डायल नीट बघून घ्या.

न्यू जर्सीचा मावसभाऊ त्याचा डिजिटल ट्यूनर फुकट द्यायला तयार आहे. १२० व्होल्टचं मी ट्रान्सफॉर्मर लावून निभावलं असतं. पण तो ०.२ च्या उड्या मारतो आणि विषम दशांशावरच थांबतो. १००.७ लागेल, १०७.१ लागेल, पण मुंबईची विविध भारती १०२.८ वर! नेमकं तेच स्टेशन हुकणार. शिवाय अमेरिकेत डी-एम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले वरचे सूर रेडिओत परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०, त्यामुळे वरचे सूर थोडे दबके येतील. तेवढं एक वेळ चाललं असतं.

आता राहिला सान्सुईचा टीयू-२१७. ठाण्यात एका जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे आहे. आखातातून आलेला, डायल ८८ ते १०८, मागे व्होल्टेज निवडायची सोय. किंमत ९ हजार. शनिवारी बाबांना घेऊनच गेलो. त्यांनी बटणावर हात ठेवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग परत मागे आले आणि विविध भारतीवर बरोबर थांबले. काही बोलले नाहीत, पण हात काढेनात.

अडचण अशी आहे की १०२.८ लागतं तेव्हा डायलचा काटा १०२ च्याही अलीकडे असतो. सिग्नलचा मीटर सगळ्यात वर जातो त्या जागी ट्यूनिंगचा काटा मध्यावर येत नाही, थोडा डावीकडे राहतो. आणि स्टिरिओचा लाल दिवा एकाही स्टेशनला पेटला नाही. दुकानदाराने झाकण उघडलं, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि "दोन मिनिटांत करून देतो" म्हणत आयएफच्या (ट्यूनरच्या आतल्या मधल्या टप्प्याच्या) कॉइलकडे वळला. मी हात धरून थांबवलं. कॉइलमधला फेराइटचा ठिसूळ कोर तडकला तर सगळंच संपलं.

डायलचा दोरा सरकला असेल तर काट्याचं निस्तरता येईल, बाबांना तो दिसतही नाही. दिव्याचं मात्र समजत नाही. अँटेना म्हणून दुकानात हातभर वायर लोंबत होती, त्यामुळे सिग्नलच कमी पडला असेल, की डीकोडरची (डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या भागाची) व्हीसीओ, म्हणजे त्यातला ऑसिलेटर, सरकली असेल? ती १९ किलोहर्ट्झवर लावता येते असं वाचलंय.

जाणकारांना विचारायचं ते एवढंच:

ट्यूनिंगचा काटा आणि सिग्नल असे वेगवेगळे पडत असतील तर डिस्क्रिमिनेटरची (एफएम सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाची) कॉइल गेली समजायची, की नुसत्या अलाइनमेंटने, म्हणजे आतल्या कॉइल पुन्हा जुळवून, जमतं? या अवस्थेत ९ हजार द्यावेत, की साडेसहा-सात म्हणावं? मुंबई-ठाण्याकडे सिग्नल जनरेटर लावून अलाइनमेंट करणारं कुणी अजून आहे का, लॅमिंग्टन रोडला कुठल्या गल्लीत विचारावं? आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, समोर नवा टॉवर झालाय. खिडकीत ३०० ओमच्या चपट्या वायरचा, साधारण दीड मीटरचा टी आकाराचा डायपोल (साधी वायरची अँटेना) पुरेल, की गच्चीवर अँटेना लावायला सोसायटीकडे अर्ज करू?

स्टिरिओ नाही लागला तरी बाबांचं मोनोवर भागेल. पण ट्यूनर महिन्याभरात बंद पडला तर त्यांना फार वाईट वाटेल, म्हणून इतकं विचारतोय. दुकानदाराने रविवारपर्यंत ठेवतो म्हटलंय.